गिरणीचे संग्रहालय आणि गिरणीची बोली : सोलापूरच्या निमित्ताने

बंद पडलेल्या कापडगिरणीचे संग्रहालय करावे, ही कल्पना पाश्चात्त्य औद्योगिक देशांत आता जुनी झाली असून महाराष्ट्रातही ती रुजू पाहत आहे. मुंबईत काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ ह्यांच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना महापालिकेने हाती घेतली. ज्या सोलापूर शहराची ओळखच गिरण्या, हातमाग आणि चादरी ह्यांनी घडविली, तेथे अशा संग्रहालयाचा विचार होणे स्वाभाविकच होय. संग्रहालय असावे की नसावे, हा येथे वादाचा विषय नाही. त्यात काय असावे, हा मात्र अवश्य आहे. यंत्रे, छायाचित्रे, कापडाचे नमुने आणि कचेरीतील वह्या ह्यांना त्यात जागा मिळेल, ह्याविषयी संशय नको. परंतु त्या यंत्रांपाशी तीन-चार पिढ्यांनी जी भाषा वापरली, तिला जागा कोठे? प्रस्तुत लेखात ह्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१

गिरणी-संग्रहालयाची जी रूपे आज प्रेक्षकांपुढे आहेत, त्यांपैकी तीन विचारात घेतली म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

पहिले रूप अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाचे. १९४९ मध्ये साराभाई कुटुंबाच्या आश्रयाने स्थापन झालेल्या ह्या संस्थेची कीर्ती सर्वश्रुत आहे. भारतीय वस्त्रकलेचा असा समृद्ध संग्रह अन्यत्र क्वचितच आढळेल. तथापि हे कापडाचे संग्रहालय आहे, गिरणीचे नव्हे. एका कापडगिरणीच्या वैभवातून ते जन्मास आले. पण प्रेक्षक तेथून बाहेर पडतो तो पटोळे, कलमकारी आणि दरबारी तंबू ह्यांची स्मृती घेऊन. कापड विणणारा हात तेथे कलावंताचा हात म्हणून येतो. पाळीवर येणाऱ्या कामगाराचा हात म्हणून येत नाही. ह्यात संस्थेचा दोष नाही. तिने आपले क्षेत्रच तसे आखून घेतले आहे. परंतु ‘वस्त्रोद्योगाचे संग्रहालय’ म्हटले की आपल्या मनापुढे हाच नमुना उभा राहतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे रूप इंग्लंडमधील चेशर परगण्यात स्टाइल येथे असलेल्या क्वारी बँक गिरणीचे. सॅम्युअल ग्रेग ह्याने १७८४ मध्ये उभारलेली ही गिरणी १९३९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली. येथे गिरणीबरोबर तिच्या आश्रयाने वाढलेली वस्ती आणि उमेदवारीवर ठेवलेल्या मुलांचे निवासगृहही जतन केले आहे. यंत्राकडून माणसाकडे जाण्याचा हा मार्ग निश्चितच स्तुत्य होय.

तिसरे रूप अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल येथले. १९७८ मध्ये ह्या गिरणीनगरास राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील बूट गिरणीत विणाईचे खाते आजही प्रेक्षकांसाठी चालू ठेवले जाते, आणि आत जाणाऱ्याच्या हाती कानात घालावयाचे बोळे ठेवले जातात. एवढ्या साध्या गोष्टीने लेखी माहितीचे कितीतरी फलक अनावश्यक ठरतात. गिरणी म्हणजे प्रथम आवाज, हे प्रेक्षकाला कळते. शिवाय लोवेलच्या गिरणीत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांनी १८४० ते १८४५ ह्या काळात ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे स्वतःचे मासिक चालविले. त्यामुळे तेथील संग्रहालयाला कामगारांचे शब्द शोधावयास फार दूर जावे लागले नाही. ते छापील स्वरूपात उपलब्धच होते.

सोलापूरची अडचण नेमकी येथे सुरू होते. येथील गिरणीत जे बोलले गेले ते बहुतांशी छापले गेले नाही. जे छापले गेले ते बहुतांशी इंग्रजीत, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले.

२

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे शहराची पहिली गिरणी. मुंबईचे उद्योजक मोरारजी गोकुळदास ह्यांच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या दशकात सोलापुरात ही गिरणी उभी राहिली. कंपनीचे नाव ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी ह्या गिरण्या व त्यानंतरच्या दशकात विष्णू व जाम ह्या गिरण्या निघाल्यावर शहराने पहिल्या गिरणीचे नाव बदलले. ती ‘जुनी मिल’ झाली. हे नामकरण कोणी कागदावर केले नाही. ‘जुनी’ हे विशेषण सापेक्ष आहे. नवी आल्यावाचून कोणतीही वस्तू जुनी होत नाही. म्हणजे ह्या एका विशेषणात सोलापूरच्या औद्योगिक वाढीचा कालक्रम साठविलेला आहे. गिरणी गेली, पण परिसर आजही त्याच नावाने ओळखला जातो, आणि शेजारची मुरारजी पेठ संस्थापकाची आठवण देते. ज्याला संग्रहालय म्हणावे अशी पहिली वास्तू सोलापूरकरांच्या तोंडातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ह्याच गिरणीचे दुसरे, लेखी चरित्र पाहावे. ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले आणि त्याच वर्षी त्या वटहुकमाचे कायद्यात रूपांतर झाले. ह्या कायद्यास कंपनीच्या एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये चिरंजितलाल चौधरी खटल्याचा निकाल बहुमताने सरकारच्या बाजूने लागला. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात मात्र न्यायालयाने मोबदल्याविना मालमत्ता काढून घेण्याच्या मुद्द्यावर कायदा घटनाबाह्य ठरविला. ह्या व अशा निर्णयांची परिणती १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत झाली. समतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क ह्यांचे विवेचन करणारा विधिशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ह्या दोन निकालांपाशी येतो. अशा रीतीने सोलापूरची जुनी मिल देशभरच्या विधिमहाविद्यालयांत वाचली जाते.

परंतु ह्या विपुल लिखाणात गिरणीतील कामगार कोठे आहे? वटहुकमाच्या प्रास्ताविकात गैरव्यवस्थेमुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आल्याचा आणि समाजातील एका विशिष्ट वर्गात गंभीर बेकारी उद्भवल्याचा निर्देश आहे. ‘विशिष्ट वर्ग’ ह्या दोन शब्दांत हजारो माणसे सामावली आहेत. वाद भागधारक, संचालक आणि सरकार ह्यांच्यातला होता. कामगार त्यात पक्षकार नव्हता. कायद्याच्या भाषेला ह्याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती, हे मान्य करावे लागेल. पण संग्रहालयालाही ती नाही काय? निकालाची प्रत काचेआड ठेवणे सोपे आहे. त्या प्रतीतील ‘विशिष्ट वर्ग’ आपल्या दारावर लागलेल्या कुलुपाला काय म्हणत होता, हे तिच्याशेजारी ठेवले गेले नाही, तर संग्रहालय त्याच मौनाची पुनरुक्ती करील.

३

गिरणीची बोली म्हणजे इंग्रजी शब्दांची मोडतोड, असा एक समज शिष्ट वर्गात आढळतो. तो शब्दांच्या साध्या परीक्षणानेही टिकत नाही. गिरणीतील शब्दसंपत्तीचे निदान तीन थर दिसतात.

पहिला थर हातमागाच्या परंपरेतून सरळ आलेल्या शब्दांचा. ‘धोटा’, ‘फणी’, ‘ताणा-बाणा’, ‘कांडी’, ‘खळ’, ‘चात’ हे शब्द गिरणीच्या आधीचे आहेत. चरख्याची चात वाफेच्या यंत्रावर चढली तरी तिचे नाव सुटले नाही. सूतगिरणीची क्षमता आजही चात्यांच्या संख्येनेच सांगितली जाते. ‘माग’ हा शब्द तर सोलापूरच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. कन्नडमध्ये मागास ‘मग्ग’ आणि तेलुगूत ‘मग्गमु’ म्हणतात. सत्त-सात, हत्थ-हात, कम्म-काम ह्या जोड्यांत जोडव्यंजन एकेरी होऊन आधीचा स्वर दीर्घ होण्याचा जो नियम दिसतो, तोच ‘मग्ग-माग’ ह्या जोडीस लागू पडतो. (‘माग काढणे’ ह्यातील ‘माग’ शब्द ‘मार्ग’पासून आलेला असून तो निराळा.) मराठी ‘साळी’ आणि तेलुगू ‘साले’ हे विणकरवाचक शब्दही असेच एकमेकांजवळचे आहेत. तेलंगणातून सोलापुरात आलेला पद्मसाळी विणकर मराठी मुलखात परका म्हणून आला असेल. त्याच्या धंद्याचे शब्द मात्र येथे आधीच ओळखीचे होते.

दुसरा थर जुन्या मराठी शब्दांना गिरणीने दिलेल्या नव्या अर्थांचा. सामान्य मराठीत ‘साचा’ म्हणजे ओतीव वस्तूला आकार देणारे साधन. मुंबईच्या गिरणीत साचा म्हणजे यंत्राने चालणारा माग, आणि तो चालविणारा तो ‘साचेवाला’. सरकारी नोकराची ‘बदली’ म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी रवानगी. गिरणीतला ‘बदली’ म्हणजे कायम कामगार न आल्यास त्याच्या जागी घेतला जाणारा, रोज सकाळी दरवाजाशी उभा राहून आपले नाव निघण्याची वाट पाहणारा माणूस. क्रियावाचक नाम येथे व्यक्तिवाचक झाले. आणि माणसाची ओळखच दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून राहिली. ‘खाडा’ ह्या शब्दाचे शासकीय मराठीतील भाषांतर ‘अनुपस्थिती’ असे होईल. परंतु अनुपस्थितीत केवळ न येणे आहे. खाड्यात त्या दिवसाचा बुडालेला पगारही आहे. कांड्या भरणाऱ्या व फाळक्यावर काम करणाऱ्या स्त्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईला मुंबईच्या गिरण्यांत ‘नायकीण’ म्हणत. गाणे-बजावणे करणाऱ्या स्त्रियांसाठी रूढ असलेले हे नाव गिरणीत अधिकारवाचक झाले. अधिकार मिळालेल्या स्त्रीस समाजाजवळ दुसरे तयार नावच नव्हते, असाही ह्याचा अर्थ लावता येईल.

तिसरा थर आगंतुक शब्दांचा. ‘मिल’, ‘जॉबर’, ‘लूम’, ‘बाबीन’ हे त्यांत मोडतात. ह्यांतही ‘जॉबर’ हा केवळ पर्यवेक्षक नव्हे. भरती, बदलीची निवड, उसनवार आणि वस्तीतील वजन ह्या सर्वांचा तो संगम होता. ‘चिमणी’ हा शब्द तर मराठीने इतका आपलासा केला की तो पक्षी, रॉकेलचा दिवा आणि धुराडे ह्या तिन्ही अर्थांनी एकाच घरात नांदू लागला.

सोलापुरात ह्या थरांत आणखी एक गुंतागुंत आहे. ब्रिटिश अमदानीत ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून कायद्याने कलंकित केलेल्या लोकांची मोठी वसाहत शहरालगत होती, आणि तेथील रहिवाशांना गिरण्यांत कामास लावले जात असे. ती वसाहत लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’ झाली व तो शब्द शहराच्या भूगोलात आजही टिकून आहे. गिरणीत ‘हजेरी’ लागली की दिवसाचा पगार पक्का होत असे. सेटलमेंटमधल्या ‘हजेरी’चा अर्थ, आपण पळून गेलो नाही हे सरकारी अंमलदारापुढे सिद्ध करणे, असा होता. तो कायदा रद्द होईपर्यंत एकाच शहरात, पुष्कळदा एकाच माणसाच्या आयुष्यात, एकाच दिवशी ह्या दोन हजेऱ्या होत असत. कोणते यंत्र हा भेद दाखवू शकेल? तो दोन अर्थांनी वापरलेल्या एका शब्दातच दिसतो.

४

वस्तू मुकी असते, ह्या विधानाचा पुरावा म्हणून धोट्याचे उदाहरण पुरेसे आहे. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी भरल्यावर धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर छिद्राला तोंड लावून धागा ओढून घेत असे. इंग्लंड-अमेरिकेत ह्या क्रियेस ‘धोट्याचे चुंबन’ अशा अर्थाचे नाव पडले. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. त्यामुळे क्षयासारख्या रोगांचा प्रसार होतो अशी ओरड झाली आणि १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायद्याने ह्या पद्धतीस मनाई केली. त्या देशांच्या संग्रहालयांत धोटा दाखविताना हीच हकीकत सांगितली जाते, आणि ती तेथे योग्यच आहे.

मुंबईत तोच धोटा, तीच क्रिया. पण हकीकत निराळी. तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडास लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाईच्या खात्यात प्रवेश नसे. गिरणीत अधिक मजुरी मिळवून देणारे हे खाते त्यांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. लँकेशरमध्ये जो धोटा आरोग्याचा प्रश्न होता, तो मुंबईत जातीचा प्रश्न झाला. दोन्ही धोटे काचेआड शेजारी शेजारी ठेवले तर प्रेक्षकाला त्यांत काहीही फरक दिसणार नाही. वरेरकरांनी आपल्या १९३३ च्या गिरणीविषयक कादंबरीस ‘धावता धोटा’ हे नाव दिले. तो धोटा कोणाच्या हाती येऊ शकत होता आणि कोणाच्या नाही, हे कळल्याशिवाय त्या नावाचाही अर्थ पुरता लागत नाही.

येथे भाषाशास्त्रातील एका जुन्या विचाराचे स्मरण होते. मेरिंगर आणि शुखार्ट ह्या पंडितांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘शब्द आणि वस्तू’ ह्या नावाने ओळखली जाणारी अभ्यासपद्धती पुढे मांडली व १९०९ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक निघाले. शब्दाचा इतिहास वस्तूवाचून आणि वस्तूचा इतिहास शब्दावाचून कळत नाही, हे तिचे सार. भारतात ग्रियर्सनने १८८५ मध्येच ‘बिहार पेझंट लाइफ’ ह्या ग्रंथात शेतकऱ्याची व कारागिरांची साधने त्यांच्या स्थानिक नावांसह नोंदविली होती. मराठीत मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती निघाली तेव्हा सोलापुरात गिरणीच नव्हती आणि मुंबईतील पहिली गिरणी नुकतीच सुरू झाली होती. गिरणीचे शब्द वेचण्याचे काम त्यामुळे पुढील पिढ्यांवर आले. ते जितके व्हावयास हवे होते तितके झाले नाही.

५

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, संग्रहालय हे डोळ्यांसाठी असते, शब्दांची जागा कोशात. ह्यास लोवेलच्या विणाई-खात्याने परस्पर उत्तर दिले आहे. ज्या खात्यात कानठळ्या बसविणारा आवाज ऐकविता येतो, तेथे माणसाचा आवाजही ऐकविता येईल. किंबहुना त्या आवाजातही भाषा होती. लँकेशरच्या विणकर स्त्रिया यंत्रांच्या गोंगाटात ओठांच्या ठळक हालचालींनी परस्परांशी बोलत आणि त्या बोलण्याला ‘मी-मॉइंग’ असे स्वतंत्र नाव होते. सोलापूरच्या विणाई-खात्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी असता त्यांनी कोणत्या खुणा ठरविल्या, शिवी कोणत्या भाषेत दिली, मोजणी कोणत्या भाषेत केली, हे प्रश्न बहुभाषिकतेच्या अभ्यासकाला आव्हान देणारे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वृद्ध कामगारांच्या आठवणी गोळा केल्या की त्यांत गतकाळाविषयी हळवेपणा येतो. भोंगा मधुर वाटू लागतो आणि जॉबर प्रेमळ. हा धोका खरा आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर ह्यांनी मुंबईच्या गिरणगावाविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाच्या ग्रंथात शंभर कंठांना स्थान दिले, ह्याचे महत्त्व येथे जाणवते. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीने तपासली जाते. तथापि भाषिक पुराव्याचा आणखी एक गुण आहे. बोलणारा आपल्या मतांविषयी सावध असतो; शब्दांविषयी तितका नसतो. ‘जॉबर देवमाणूस होता’ असे सांगणारा कामगारच पुढच्या वाक्यात आपण किती महिने ‘बदली’ होतो हे सहज बोलून जातो. शब्द त्याच्या स्मृतीची उलटतपासणी करतो.

ह्यावरून पद्धतीविषयी काही सूत्रे निघतात. शब्दांची यादी पुढे ठेवून अर्थ विचारू नये. कापसाची गासडी फुटल्यापासून ठाण बांधले जाईपर्यंतची प्रक्रिया सांगावयास लावावी आणि शब्द आपसूक येऊ द्यावेत. प्रत्येक शब्द वाक्यासह नोंदवावा. सांगणाऱ्याचे खाते, पाळी, मातृभाषा आणि तो पुरुष आहे की स्त्री, ह्यांची नोंद असावी. कारण कांडी भरणारीचा शब्द आणि साचेवाल्याचा शब्द एकच असेल असे नाही. संग्रहालयातील फलकावर वस्तूचे नाव प्रथम कामगाराच्या तोंडचे असावे, चारही भाषांत, आणि प्रमाण परिभाषा त्याखाली. आज सामान्यतः क्रम ह्याच्या उलट असतो. कामगाराचा शब्द अवतरणचिन्हांत, गंमत म्हणून येतो.

लोखंडाला घाई नसते. एखादे यंत्र गंजले तरी तेल घालून पुन्हा उभे करता येते. इमारतीची डागडुजी पुढच्या पिढीलाही करता येईल. ‘हजेरी’चे दोन्ही अर्थ ज्यांनी भोगले ती माणसे मात्र जवळजवळ गेलीच आहेत, आणि ज्यांनी सोलापूरच्या गिरण्यांत अखेरच्या पाळ्या केल्या तीही आता वृद्ध आहेत. त्यांची नातवंडे यंत्रमागावर असतील, कचेरीत असतील किंवा पुण्याला गेली असतील; त्यांना ‘खाडा’ हा शब्द ठाऊक असेल, पण त्यात बुडालेला दिवस ठाऊक नसेल. म्हणून सोलापूरच्या गिरणी-संग्रहालयाचे पहिले दालन बांधकामाच्या मंजुरीची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. ते जुन्या मिलच्या आसपासच्या आणि पूर्व भागातील घरांत आजच उघडता येईल. त्यासाठी एक ध्वनिमुद्रक, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी असलेला विद्यार्थी, एवढी सामग्री पुरेशी आहे.